शहाण्याने चढावी अशी कोर्टाची पायरी

पत्र :

ताई, आम्ही सिएटलजवळ रेडमंडला राहतो. लग्नाला अठरा वर्षं झाली, मुलगी नववीत आहे. नवरा सॉफ्टवेअरमध्ये होता. गेल्या वर्षी ले-ऑफमध्ये नोकरी गेली, ती गेलीच. कोविडच्या काळात आशियाई लोकांवर हल्ले होत होते, तेव्हा "घरात असलेलं बरं" म्हणून त्याने पिस्तूल घेतलं होतं. सिटिझनशिप होती, त्यामुळे काही अडचण आली नाही. एक-दोनदा रेंजवर गेला असेल, मग ते गॅरेजमधल्या छोट्या तिजोरीत पडून राहिलं. आता तो रात्र रात्र जागा असतो. व्हिस्की वाढली आहे. "माझ्यापेक्षा माझा इन्शुरन्सच तुमच्या जास्त कामाला येईल," असं दोनदा बोलला. मागच्या आठवड्यात रात्री दोनला खाली गेले, तर तिजोरी उघडी आणि हा तिच्यासमोर स्टुलावर बसलेला. "साफ करत होतो," म्हणाला. साफ करायचं कसलंच सामान तिथे नव्हतं.

ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलं, इथे रेड फ्लॅग कायदा आहे, कोर्टात अर्ज केला की पोलीस काही काळ बंदूक काढून घेतात. पण स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध कोर्टात जायचं? त्याने मला किंवा मुलीला कधी बोटही लावलेलं नाही. पोलीस घरी आले आणि भलतंच काही झालं तर? त्याच्या नावावर गुन्हा लागला तर नोकरी कोण देईल? माझं सिटिझनशिपचं काम चालू आहे, त्याचं काय? डॅलसचे मोठे दीर म्हणतात, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्याला महिनाभर माझ्याकडे पाठव." सांगलीला सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही. मी काय करू?

– एक वाचक, रेडमंड, वॉशिंग्टन

उत्तर :

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला मेल केली होती आणि आपलं फोनवर बोलणंही झालं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण तुम्हीच म्हणालात की असं आणखी कुणाच्या घरी चालू असेल. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

इन्शुरन्सचं ते वाक्य, वाढलेली दारू आणि रात्री दोनला उघडी तिजोरी. यातली एकच गोष्ट असती तर लक्ष ठेवा म्हटलं असतं. तिन्ही एकत्र आहेत, म्हणून "थोडे दिवस बघू या" असं मी सांगणार नाही. पिस्तूल घरातून जायला हवं, आणि तेही या आठवड्यात. कसं जाईल याचे दोन मार्ग आहेत, एक त्याच्या संमतीचा आणि दुसरा कोर्टाचा. दुसऱ्याची तयारी करून ठेवून पहिला करून बघायचा.

त्याआधी एक नंबर. ९८८. अमेरिकेत कुठूनही, दिवसरात्र, फोन किंवा मेसेज. हा नंबर फक्त जीव द्यायला निघालेल्या माणसासाठी आहे असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही, घाबरलेल्या बायकोनेही फोन करायचा असतो. दुभाषी मागता येतो, आणि तुमच्या किंग काउंटीत गरज पडली तर घरी येणारं पथकही मिळतं. मात्र तो पुन्हा तिजोरीपाशी दिसला किंवा पिस्तूल हातात दिसलं, तर सरळ मुलीला घेऊन घराबाहेर पडा आणि ९११ लावा. त्या क्षणी समजूत घालत बसायचं नाही, हातातून काढून घ्यायला तर अजिबात जायचं नाही.

आता पहिला मार्ग. त्याने प्यायलेली नसेल अशी वेळ निवडा. बहुतेक घरांत सकाळचा चहा हीच ती वेळ असते. आणि सरळ विचारा : "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं भरेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते. तसं होत नाही. उलट आडून विचारलं, "तू ठीक आहेस ना?" वगैरे, की "ठीक आहे" हेच उत्तर येतं. विषय निघतो आणि तिथेच बुडतो.

त्यानंतर पिस्तुलाचं काढा. "तू धोकादायक आहेस" हा सूर नको. "मला झोप लागत नाही, तुला बरं वाटेपर्यंत ते दुसरीकडे राहू दे," एवढं पुरे. हे खोटंही नाही. तो हो म्हणाला तर त्याच दिवशी हलवा. वॉशिंग्टनमध्ये एरवी ओळखीच्या माणसालाही बंदूक द्यायची तर दुकानातून पार्श्वभूमी तपासणी करून द्यावी लागते. पण आत्महत्या टाळण्यासाठी तात्पुरती कुणाकडे ठेवायला दिली, तर त्या कायद्यात सूट आहे. काही पोलीस ठाणी आणि काही बंदुकीची दुकानंही ठेवून घेतात. सिएटलच्या हार्बरव्ह्यू इजा प्रतिबंध व संशोधन केंद्राने अशा ठिकाणांचा नकाशाच केला आहे. आधी फोन करा आणि कसं आणायचं ते विचारा. न सांगता पर्समध्ये पिस्तूल घालून पोलीस ठाण्यात शिरायचं नाही. तुम्हाला ते हाताळता येत नसेल तर हातच लावू नका.

इथे एक गोष्ट नीट ऐका, आपल्या लोकांच्या ती लक्षात येत नाही. मंडळातला एखादा जिवलग मित्र म्हणेल, "वहिनी, द्या माझ्याकडे, मी ठेवतो." तो एच-१बीवर असेल तर नको. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण तुमच्यापायी त्याने स्वतःचा व्हिसा पणाला लावायचं कारण नाही. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असलेला, घरी तिजोरी असलेला आणि तोंड बंद ठेवणारा माणूस शोधा. तिसरी अट सगळ्यात अवघड, हे मला माहीत आहे.

तो नाही म्हणाला, चिडला, किंवा "उद्या बघू" म्हणत राहिला, तर कोर्ट. आणि तो हो म्हणाला तरीही कोर्टाचा विचार करायला एक कारण उरतं. आपल्या राजीखुशीने पिस्तूल बाहेर गेलं म्हणून दुकानं बंद होत नाहीत. २०२४ पासून वॉशिंग्टनमध्ये बंदूक घ्यायची तर कामाचे दहा दिवस थांबावं लागतं, पण अकराव्या दिवशी ती मिळते. कोर्टाचा आदेश असेल तर तपासणीतच अर्ज अडतो. तो मनापासून तयार असेल, तर या राज्यात आणखी एक सोय आहे. माणूस स्वतःच अर्ज देऊन "मला बंदूक विकू नका" अशी आपली नोंद करून घेऊ शकतो. देशात ही सोय पहिल्यांदा तुमच्याच राज्याने केली, २०१८ च्या कायद्याने. बरं वाटत असेल त्या दिवशी सही करून ठेवायची, वाईट दिवसांसाठी. फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे.

कायद्याचं तुमच्याकडचं नाव एक्स्ट्रीम रिस्क प्रोटेक्शन ऑर्डर. असा पहिला कायदा कनेक्टिकटने १९९९ मध्ये केला. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या लॉटरीच्या मुख्यालयात एका कर्मचाऱ्याने चार वरिष्ठांना मारून स्वतःलाही संपवलं होतं. पुढे इंडियाना, मग कॅलिफोर्निया. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर एकापाठोपाठ एक राज्यं आली, आणि आज वीसहून जास्त राज्यांत असा कायदा आहे. तुमच्या वॉशिंग्टनने तो आमदारांवर सोडला नाही. २०१६ च्या मतदानात लोकांनीच सुमारे ६९ टक्के मतांनी तो मंजूर केला. प्रचारात पुढे असलेल्यांत एक आई होती. मुलगा मनाने ढासळतोय हे तिला दिसत होतं, त्याच्या हाती बंदूक पडू नये म्हणून तिने जंग जंग पछाडलं होतं, आणि कायद्यात कुठेच काही तरतूद नाही असं उत्तर तिला मिळालं होतं. २०१५ मध्ये तिचा मुलगा आणि सावत्र मुलगी दोघंही गेली.

बातम्यांत हा कायदा शाळांमधल्या आणि मॉलमधल्या गोळीबारांबरोबरच येतो, म्हणून तुम्हालाही वाटतं की तो हिंसक माणसांसाठी आहे. "त्याने आम्हाला बोटही लावलेलं नाही" हे तुम्ही पत्रात लिहिलंत, ते यामुळेच. पण २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं गेली, त्यातली सुमारे २७,३०० स्वतःच्या हाताने. म्हणजे निम्म्याहून जास्त. तुमच्या कायद्यात "स्वतःला किंवा इतरांना" धोका असे शब्द आहेत, आणि "स्वतःला" हा शब्द नुसता शोभेला ठेवलेला नाही. ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वॉन्सन यांनी वॉशिंग्टनसह चार राज्यांतले आदेश तपासले. साधारण दर सतरा ते तेवीस आदेशांमागे एक आत्महत्या टळते, असा त्यांचा हिशेब आहे. कायद्याच्या दुनियेत इतकं रोखठोक फळ क्वचितच मोजता येतं.

असं का होतं, तेही सांगते, कारण दीर तुम्हाला म्हणतील, "ज्याला मरायचंच आहे तो कसाही मरेल." हे वाक्य आपल्याकडे फार शहाणपणाने उच्चारलं जातं आणि ते चूक आहे. ती लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, काही तासांची असते. त्या वेळात बंदूक हाताशी असली तर परत फिरायला वाव जवळजवळ राहत नाही. आणि एकदा वाचलेल्या माणसांपैकी दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. तुमचा नवरा कायमचा असा राहणार नाही. या काही महिन्यांतून त्याला पार काढायचं आहे.

आता कोर्टात काय होतं ते. अर्ज बायको, नवरा, आईवडील, भावंडं, एकत्र राहणारे असे घरचे लोक करू शकतात, किंवा पोलीस. फी नाही. वकील लागतोच असं नाही. तातडीचा आदेश मागितलात, तर न्यायाधीश त्याच दिवशी किंवा कोर्टाच्या पुढच्या कामाच्या दिवशी तुमचं म्हणणं ऐकतात, फोनवर किंवा व्हिडिओवरही चालतं. या पहिल्या सुनावणीला नवऱ्याला बोलावत नाहीत. आदेश निघाला की पोलीस तो त्याच्या हातात देतात आणि पिस्तूल ताब्यात घेतात. मग चौदा दिवसांच्या आत पूर्ण सुनावणी होते. तिथे तो येतो, बोलतो, वकील आणायचा तर आणतो. न्यायाधीशांना पटलं तर एक वर्षाचा आदेश, नाही पटलं तर पिस्तूल परत. वर्षाच्या आत आदेश उठवा असा अर्ज त्यालाही एकदा करता येतो, आणि धोका कायम असेल तर मुदत वाढवून तुम्हालाही मागता येते.

या आदेशाने त्याला घराबाहेर काढत नाहीत. तुमच्याशी, मुलीशी बोलायला बंदी येत नाही. रात्री तो त्याच पलंगावर झोपेल. मारहाणीच्या प्रकरणात जो संरक्षण आदेश मागतात तो वेगळा, आणि कोर्टाच्या खिडकीवर या दोहोंची गल्लत होते, म्हणून फॉर्म घेताना नाव वाचून घ्या.

फॉर्म भरताना मराठी माणूस एक हमखास गडबड करतो, सगळं सौम्य करून लिहितो. "तो जरा डिप्रेस्ड असतो" असं लिहिलंत तर न्यायाधीशांच्या हाती काही लागत नाही. तारीख, वेळ, जागा, जे दिसलं ते, जे ऐकलं ते. अमुक तारखेला रात्री दोनला गॅरेजमध्ये तिजोरी उघडी होती, तो समोर बसला होता, दारूचा वास येत होता, साफ करतोय म्हणाला, तिथे ना तेल होतं ना फडकं. हे एक वाक्य तुमच्या दोन पानी काळजीपेक्षा जड आहे. इन्शुरन्सचं वाक्य तो मराठीत बोलला असेल तर तसंच लिहा आणि खाली इंग्रजी अर्थ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं असेल तर त्याचे फोटो जोडा. दारूची सवय, गेल्या बारा महिन्यांतलं बोलणं-वागणं, हे सगळं न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. वाढवून मात्र एक अक्षर लिहू नका. शपथेवर खोटं लिहिणं गुन्हा आहे, आणि तुमच्याकडे जे आहे ते वाढवायची गरजही नाही.

पोलीस घरी आल्यावर काय होईल, ही तुमची भीती मी उडवून लावणार नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मेरीलँडमध्ये, तिथला कायदा लागू होऊन जेमतेम महिना झालेला असताना, पहाटे आदेश घेऊन गेलेल्या पोलिसांबरोबर झटापट झाली आणि ज्याच्यासाठी आदेश होता तोच माणूस पोलिसांच्या गोळीने गेला. अशा घटना विरळ आहेत, पण त्यातून शिकायला हवं. अर्जाबरोबर पोलिसांसाठी माहितीचा एक वेगळा, गोपनीय फॉर्म असतो. तो नवऱ्याला दाखवत नाहीत. लोक तो घाईत अर्धवट भरून मोकळे होतात. तुम्ही तो सगळ्यात नीट भरा. पिस्तूल कुठे आहे, तिजोरी कसली आहे, दुसरी बंदूक नाही, तो कधी पितो, किती वाजता शुद्धीत असतो, संध्याकाळी कुठल्या पार्कात फेरी मारायला जातो, आजवर कुणावर हात उगारलेला नाही, घाबरला की मराठीत बोलायला लागतो. मग रेडमंड पोलिसांच्या साध्या नंबरवर, ९११ वर नाही, फोन करून विचारा की मानसिक संकटातल्या लोकांशी बोलायचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवता येईल का, आणि दिवसाउजेडी येता येईल का. मुलगी त्या दिवशी मैत्रिणीकडे असू दे.

आणखी एक पर्याय. तुम्ही सगळं पोलिसांना सांगायचं आणि अर्ज त्यांनी करायचा. मग कागदावर अर्जदार म्हणून पोलीस येतात, बायको विरुद्ध नवरा असं शीर्षक येत नाही. ते करतीलच असं नाही, त्यांच्याकडेही कामाचा ढीग असतो. पण विचारायला काय हरकत आहे? मला विचाराल तर तुमच्या घरात हाच रस्ता बरा, कारण तुम्हाला त्याच माणसाबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा प्यायचा आहे.

नावावर गुन्हा? नाही. हा दिवाणी आदेश आहे. अटक नाही, खटला नाही, शिक्षा नाही. आदेश मोडून बंदूक बाळगली किंवा घेतली तर मात्र गुन्हा होतो. कोर्टाची नोंद लोकांना बघता येते, हे खरं. एखाद्या कंपनीने खोदकाम केलं तर तिला ती सापडू शकेल. तुम्हाला ते अंधारात ठेवून मी "काही होत नाही" म्हणणार नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते तुम्ही रात्री दोनला स्वतः बघून आलात.

तुमच्या सिटिझनशिपचं : अर्ज तुम्ही करताय, तुमच्याविरुद्ध कुणी करत नाही. त्याने तुमच्या कागदांना धक्का लागत नाही. तो स्वतः सिटिझन आहे, त्याचं नागरिकत्व अशा आदेशाने जात नाही. तरीही तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक फोन करून ठेवा, म्हणजे मनातला किडा जाईल.

आता डॅलस. दिरांचा हेतू चांगला आहे, भावाची काळजी आहे, सगळं मान्य. पण टेक्ससमध्ये रेड फ्लॅग कायदा नाही. इतकंच नाही, २०२५ मध्ये त्यांनी असे आदेश आपल्या राज्यात चालू द्यायचे नाहीत असा उलटा कायदा केला. म्हणजे रेडमंडला तुमच्या हाती असलेलं हे एक साधन तिथे पोचेपर्यंत हातातून जातं. आणि दिरांना एक प्रश्न विचारा, मोकळेपणाने विचारा : त्यांच्या घरी बंदूक आहे का? डॅलसच्या उपनगरातल्या चार बेडरूमच्या घरात ती असण्याची शक्यता कमी नाही. असेल तर ती बाहेर जाईपर्यंत त्याला तिकडे पाठवू नका. त्यापेक्षा दिरांनाच दोन आठवडे इकडे बोलवा. महिनाभर भावाला ठेवून घ्यायची तयारी आहे, तर दोन आठवड्यांची रजाही निघेल. भाऊ घरात असला तर रात्रीचा पहारा एकट्या तुमच्यावर राहणार नाही.

कोर्टाच्या पायरीवर त्यांच्याशी वाद घालू नका, त्याऐवजी गावाकडची गोष्ट सांगा. निवडणूक लागली की आपल्याकडे कित्येक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. पाटील असो नाहीतर कारखान्याचा संचालक, गुपचूप जाऊन पावती घेऊन येतो, मतमोजणी झाली की परत घेऊन येतो. त्याला कुणी गुन्हेगार म्हणत नाही. हेही तसंच आहे, फक्त निवडणूक घरातली आहे.

या कायद्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही मी टाकून देत नाही. माणसाला न बोलावता त्याच्या मालकीची वस्तू उचलायची, तीही घटनेने हक्क दिलेली, हे इथल्या लोकांना खुपतं. रागाने, सूडाने, घटस्फोटाच्या भांडणात कुणी खोटा अर्ज करणारच नाही असंही नाही. चौदा दिवसांत दुसरी बाजू ऐकण्याची अट त्यासाठीच आहे, आणि ती नसती तर मीही या कायद्याकडे संशयाने पाहिलं असतं. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की, ज्याच्यापासून दुसऱ्याला खरा धोका आहे असं कोर्टाने ठरवलं आहे, त्याला तात्पुरतं निःशस्त्र करणं घटनेत बसतं. ते प्रकरण घरगुती हिंसाचाराच्या आदेशाचं होतं, तुमच्यासारखं नव्हतं. पण वारा कुठल्या दिशेला आहे ते त्यातून कळतं. हा वाद चालू राहील, त्याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही थांबायचं कारण नाही.

पिस्तूल गेलं म्हणजे सगळं मिटलं असं नाही. नोकरीची चिंता, झोप, दारू जिथल्या तिथेच आहेत. तुमच्या विम्यातून डॉक्टर शोधा. पहिली वेळ सहा आठवड्यांनी मिळाली तर साध्या फॅमिली डॉक्टरकडे आधी जा, तेही औषध सुरू करू शकतात. दारू एकदम सोडायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर शरीराला धोका होतो, ते डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं. घरात साठलेल्या झोपेच्या आणि दुखण्यावरच्या गोळ्याही एकदा बघून आवरा.

आदेशाचा कागद हातात पडल्यावर तो चिडेल. कदाचित बोलणं टाकेल. "माझ्याच घरात मला चोर ठरवलंस" असं काहीतरी ऐकून घ्यावं लागेल. उत्तराला उत्तर देऊ नका. "तू हवा आहेस म्हणून केलं" एवढं एकदा म्हणा, पुन्हा पुन्हा नको. राग किती दिवस टिकेल ते मला सांगता येणार नाही. काही घरांत आठवड्यात उतरतो, काहींत महिने जातात.

मुलीला अंधारात ठेवू नका. नववीतल्या मुलीला घरात काय चाललंय ते तुमच्या अंदाजापेक्षा जास्त कळत असतं, आणि तिजोरीचा कोड तिलाही माहीत असू शकतो. बाबा आजारी आहेत, उपचार चालू आहेत, यात तुझी काही चूक नाही, आणि काही दिसलं तर लगेच मला सांगायचं, हे चार मुद्दे तिला पुरेत. बाबांवर नजर ठेवायचं काम तिच्यावर सोपवू नका.

सासूबाईंना सांगावं की नाही? आज नको. सांगलीहून त्या काही करू शकत नाहीत, रोज तीनदा फोन मात्र करतील आणि त्याला ते ओझं होईल. पिस्तूल बाहेर गेल्यावर, डॉक्टर सुरू झाल्यावर, दिरांनी सांगावं, तब्येत बिघडली होती, आता औषध चालू आहे. पिस्तुलाचं आणि कोर्टाचं त्यांना कधी सांगायचं ते त्यांच्या मुलावर सोडा.

सोमवारी कोर्ट उघडतं. उद्या शनिवार आहे, सकाळी त्याच्याशी बोला, आणि रविवारी रात्रीपर्यंत पिस्तूल गेलेलं नसेल तर सोमवारची रजा आत्ताच टाकून ठेवा.